पुलमनचा झेंडा

२०२४ सालची चतुर्थी आम्ही अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ॲन आर्बर गावी, थोरल्या भाच्याच्या घरी केली. भारतात त्या वर्षी चतुर्थी शनिवारी, ७ सप्टेंबरला होती. परंतु तिथी चंद्रसूर्यांच्या हिशोबाने चालते, आणि त्या हिशोबाने तेथील मध्याह्नी चतुर्थी सापडत होती ती आदल्या दिवशी, शुक्रवारी. बहिणीच्या सासरचा गणपती दीड दिवसाचा. तेव्हा शुक्रवारी पूजन आणि शनिवारी सायंकाळी विसर्जन असा बेत ठरला. दिवाणखान्यात लाकडी चौकट टांगून तिला माटोळी बांधली होती. कवंडळे तेथे कोठून मिळणार? त्यांच्या जागी मुठीएवढे तांबूस भोपळे आणि मक्याची कणसे लटकत होती. नारळ आणि सुपारी मात्र आपल्या लोकांच्या दुकानातून आली होती. खाली पाटावर बसून वर पाहिले म्हणजे फोंडा महालातील मूळ घराची आठवण व्हावी, इतपत ती माटोळी खरी होती.

भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी गणपती एकच असतो आणि चतुर्थीला सर्वांनी त्या घरी जमायचे असते, ही आपल्याकडील रीत. धाकटा भाचा टेक्सस राज्यातील ऑस्टिनहून गुरुवारी रात्री विमानाने आला. मागील सहा वर्षांत त्याला चतुर्थीस येणे जमले नव्हते. त्याला दारात पाहताच आमच्या बहिणीला गहिवरून आले. शुक्रवारी दुपारची जेवणे आटोपल्यावर मात्र आमच्या ध्यानात आले की, दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्याच गावात टेक्सस आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना आहे. ही गोष्ट आम्ही बहिणीस सांगितली नाही. देव भावाचा भुकेला असतो. निमित्ताची चौकशी त्याने केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

अमेरिकेतील या फुटबॉलात पायाचे काम थोडे आणि हाताखांद्यांचे फार. परंतु आम्हांस नवल वाटले ते खेळाचे नव्हे, त्याच्या भोवतालच्या भक्तीचे. ॲन आर्बरचे मैदान १,०७,६०१ माणसांचे आहे. त्यातील शेवटची एक जागा जुन्या काळचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिस्लर यांच्या मानाची समजतात. ती कोठे आहे हे कोणी सांगत नाही. देवस्थानात मानाचा विडा वेगळा काढून ठेवावा तसाच हा प्रकार.

ही विद्यापीठे एकेकटी खेळत नाहीत. दहाबारा विद्यापीठे एकत्र येऊन एक मंडळ करतात, त्यास तेथे कॉन्फरन्स म्हणतात. हंगामातील बारा सामन्यांपैकी आठ-नऊ सामने या मंडळींनी आपापसांत खेळायचे आणि उरलेले बाहेरच्यांशी. मिशिगनची कॉन्फरन्स 'बिग टेन'. तिची घडी १८९६ साली बसली, तेव्हा तिच्यात सात विद्यापीठे होती. आज अठरा आहेत आणि नाव अद्यापि 'दहा' असेच आहे. दक्षिणेकडील विद्यापीठांची 'साउथईस्टर्न कॉन्फरन्स' १९३२ साली निघाली. तिला सारे लोक एस.ई.सी. म्हणतात. या दोहोंत बलवान कोण, हा त्या देशातील सनातन वाद होय. उत्तरपूजेपर्यंत तो आमच्या भाच्यांच्या घरात चालला.

धाकट्याची कड एस.ई.सी.ची. तो सांगू लागला की, २००६ ते २०१२ या सात हंगामांत सलग सात वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद एस.ई.सी.च्याच कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाने मिळविले, आणि २०११ च्या हंगामाचा अंतिम सामना तर अलाबामा आणि एल.एस.यू. या एस.ई.सी.च्याच दोन संघांत झाला. म्हणजे घरचेच वर आणि घरचेच वधू. यावर थोरल्याने जुने दप्तर काढले. २०२४ च्या पहिल्या दिवशी मिशिगनने त्याच अलाबामाला २७-२० असे हरविले होते, आणि आठवड्याने वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ असे हरवून अजिंक्यपद मिळविले होते. शिवाय ज्या वॉशिंग्टनला मिशिगनने हरविले, त्याच वॉशिंग्टनने त्याच पहिल्या तारखेस टेक्ससला ३७-३१ असे हरविले होते!

येथपर्यंत वाद आम्हांस समजला. पुढे जे ऐकले त्याने मात्र आम्ही सावध होऊन बसलो.

"दादा, वॉशिंग्टनने आम्हांला हरवले तेव्हा आम्ही एस.ई.सी.मध्ये नव्हतो," धाकटा म्हणाला.

"मग कोठे होता?"

"बिग ट्वेल्व्हमध्ये."

चौकशी केली तेव्हा असे निष्पन्न झाले की, टेक्सस विद्यापीठ एस.ई.सी.मध्ये दाखल झाले ते १ जुलै २०२४ रोजी. म्हणजे ज्या कुळाची कीर्ती आमचा भाचा सात पिढ्यांची मालमत्ता असल्याप्रमाणे सांगत होता, त्या कुळात तो येऊन पुरते अडीच महिनेही झाले नव्हते. थोरल्याने मग फोनमधील एक जुना निरोप शोधून आम्हांस वाचून दाखविला. २०२३ च्या सप्टेंबरात टेक्ससने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ३४-२४ असे हरविले, त्या रात्री धाकट्याने तो पाठविला होता. त्याचा आशय असा होता की, एस.ई.सी.चा एवढा गवगवा कशासाठी करतात हे आपल्यास कळत नाही.

धाकटा हसला, परंतु ओशाळला नाही. "आणि तुझे वॉशिंग्टन?" त्याने विचारले. वॉशिंग्टन २ ऑगस्टला बिग टेनमध्ये आले होते. जानेवारीत ज्याला लोळविले, त्याचे पराक्रम थोरला सप्टेंबरात आपल्या कुळाच्या खाती मांडीत होता.

आमच्या लहानपणी आमच्या वाड्यावर शेजारीशेजारी दोन घरे होती; एकात स्मार्त एकादशी पाळीत, दुसऱ्यात भागवत. ज्या पक्षात या दोन एकादश्या लागोपाठच्या दिवशी येत, त्या पक्षात ओसरीवर शास्त्रार्थ ठरलेला. कोणाचा मठ थोर, कोणाचे स्वामी अधिक विद्वान, यावर दोन्हीकडील वृद्ध दिवेलागणीपर्यंत भांडत आणि एकाचा फराळ दुसऱ्याच्या उपासात जाई. त्यांच्यापैकी कोणी मठातील ग्रंथ उघडले असतील असे आम्हांस वाटत नाही. स्वामींच्या विद्वत्तेत आपला वाटा आहे, एवढी त्यांची श्रद्धा होती. उसन्या मोठेपणाची ही गोडी आम्हांस ठाऊक होती. म्हणून भाच्यांस हसण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेतला नाही. फक्त आमच्या वाड्यावर मठ रातोरात बदलत नसत, एवढाच फरक.

या वादाची दुसरी मौज अशी की, तो मिटविण्याचे साधनच त्या खेळात फार थोडे आहे. सामने बहुतेक घरच्या घरी. घरच्या बलवानाने घरच्या दुबळ्याला हरविले तर 'पाहा आमचा बलवान'. दुबळ्याने बलवानाला हरविले तर 'पाहा, आमच्यात दुबळा असा कोणी नाहीच'. जावाजावांनी एकमेकींना हरवून घराण्याची थोरवी सिद्ध करावी, तसे हे. थोरल्याचा एक आक्षेप तेवढा आम्हांस वजनदार वाटला: बिग टेनचे संघ आपापसांत नऊ सामने खेळत आणि एस.ई.सी.चे आठच, नववा सामना टाळून नोव्हेंबरात ते एखाद्या लहानशा विद्यापीठाला जेवायला बोलावीत. (पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये एस.ई.सी.नेही २०२६ पासून नऊ सामन्यांचा निर्णय केला. तेव्हा थोरल्याचा फोन आला होता. जणू तो निर्णय त्याच्याच वादावर झाला होता.)

हे प्रेम कितपत खोल असते, याचीही परीक्षा आम्हांस पुढे पाहावयास मिळाली. मिशिगनचे हाडवैर ओहायो स्टेट या शेजारच्या विद्यापीठाशी. तेही बिग टेनचेच. ३० नोव्हेंबरला मिशिगनने त्यांना त्यांच्या मैदानावर १३-१० असे हरविले आणि सामन्यानंतर मैदानात झेंडा रोवण्यावरून दोन्ही संघांत गुद्दागुद्दी झाली. आणि १० जानेवारी २०२५ रोजी उपांत्य सामन्यात समोरासमोर आले ते ओहायो स्टेट आणि टेक्सस! एका बाजूस कॉन्फरन्स, दुसऱ्या बाजूस सख्खा भाऊ, आणि कॉन्फरन्सचे निशाण हाती घेतलेला तो जन्माचा वैरी. ओहायो स्टेट २८-१४ असे जिंकले, आणि पुढे अजिंक्यही झाले. आम्ही तोवर गोव्यास परतलो होतो. आम्ही फोनवर थोरल्यास विचारले, "त्या रात्री तू कोणाची कड घेतलीस?" बराच वेळ उत्तर आले नाही. मग तो म्हणाला, "मामा, त्या रात्री मी लवकर झोपलो."

परंतु आम्हांस सांगावयाचे आहे ते चतुर्थीच्या शनिवारचे. सकाळी नऊपासून दूरचित्रवाणीवर सामन्याची पूर्वपीठिका सुरू झाली. एका प्रसिद्ध कार्यक्रमाची मंडळी दर शनिवारी देशातील एका मैदानाबाहेर मंच उभारून बसतात; त्या आठवड्यात ती ॲन आर्बरलाच आली होती. मागे हजारो विद्यार्थ्यांचा गलका, निळे-पिवळे आणि नारिंगी रंग. भाचेसुनेची एक मैत्रीण नैवेद्याच्या नेवऱ्या तळावयास मदत म्हणून सकाळीच आली होती. मूळच्या मंगळूरकडच्या, घरी कोंकणी बोलणाऱ्या, वयाने पन्नाशीच्या पुढच्या. त्या झारा हातात धरून दिवाणखान्याच्या दाराशी आल्या आणि पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "तो पाहा आमचा झेंडा."

त्या गर्दीच्या वर एक किरमिजी झेंडा हलत होता. त्यावर कूगर नावाच्या श्वापदाचे डोके काढलेले होते. मिशिगनचा तो नव्हे, टेक्ससचा नव्हे. तो वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा. (वॉशिंग्टन वेगळे आणि वॉशिंग्टन स्टेट वेगळे, पहिले सिएटल शहरात, दुसरे त्याच राज्याच्या पूर्व टोकाला पुलमन गावी.) ज्या सामन्याशी त्या विद्यापीठाचा काडीचा संबंध नाही, तेथे त्याचा झेंडा कशास? त्यांनी सांगितले की, २००३ सालापासून हा नेम चालू आहे. कार्यक्रम ज्या गावी असेल त्या गावी झेंडा टपालाने जातो, तेथील कोणी माजी विद्यार्थी पहाटे जाऊन तो उंच धरतो, आणि काम झाले की पुढच्या गावी धाडतो. एकही शनिवार चुकलेला नाही. आम्हांस वारीतील पताकांची आठवण झाली.

बाईंचे शिक्षण पुलमनला झाले होते. गव्हाच्या टेकड्यांच्या मधले ते लहान गाव. लोकवस्ती सुमारे ३३ हजार, आणि मैदानात जागा साधारण तेवढ्याच. पहिल्या हिवाळ्यात खोलीबाहेर पडावेसे वाटेना, तेव्हा खोलीतल्या सोबतिणीने त्यांना ओढून सामन्यास नेले. खेळातले त्यांना एक अक्षर समजले नाही. शेजारच्या अनोळखी म्हातारीने आपल्या घोंगडीचा अर्धा भाग त्यांच्या पायांवर टाकला, एवढे मात्र त्यांना त्या दिवसातले आठवते.

"मग तुमची कॉन्फरन्स कोणती?" धाकट्याने सहज विचारले.

"आमची होती," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. कढईत तेल तापत होते.

ही हकिगत मग भाचेसुनेने आम्हांस सांगितली. प्रशांत महासागराच्या बाजूच्या विद्यापीठांची एक कॉन्फरन्स होती, मूळची १९१५ सालची. शेवटी तिच्यात बारा सभासद होते. दूरचित्रवाणीच्या कंपन्या या खेळासाठी जो पैसा मोजतात तो ऐकून आमची मती गुंग झाली. बिग टेनने २०२२ साली जो सात वर्षांचा करार केला तो सुमारे सात अब्ज डॉलरांचा. पश्चिमेकडील कॉन्फरन्सला तसा करार मिळेना. २०२२ च्या जूनमध्ये लॉस एंजलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेनचा रस्ता धरला. २०२३ च्या जुलैत कोलोरॅडोने निघण्याचे जाहीर केले, आणि ४ ऑगस्टच्या एका दिवसात पाच जण गेले: ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोनाची दोन आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड आणि बर्कली या दोघांनी अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्सचा आश्रय घेतला. हे दोघेही प्रशांत महासागराच्या काठचे. भूगोलाच्या मास्तरांनी कोठे जावे? अशी दहा विद्यापीठे गेली आणि उरली दोन, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. ती खेळात कच्ची होती म्हणून नव्हे. त्यांची गावे लहान, आणि तेथे दूरचित्रवाणी पाहणारी घरे थोडी. २०२४ च्या हंगामात त्या कॉन्फरन्सचे नाव आणि हे दोन सभासद एवढेच शिल्लक होते.

नेवऱ्यांचे ताट घेऊन बाई बाहेर आल्या तेव्हा आम्ही त्यांचे समाधान करण्याच्या हेतूने म्हणालो, "आपल्या देवांनीही गावे सोडली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. सोळाव्या शतकात तुमचे पूर्वजही असेच गोव्याहून खाली उतरले असतील. ठिकाण सुटले तरी दैवत सुटत नाही."

बाईंनी ताट खाली ठेवले. "मामा, ते वेगळे," त्या शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा धर्मावर संकट होते, आणि देव निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर माणसेही निघाली. येथे कोणी हाकलत नव्हते. जास्त पैसे मिळाले म्हणून दहा घरे उठून गेली. राहिलो आम्ही दोन, ते कोणी विचारले नाही म्हणून."

आमच्याकडे यावर उत्तर नव्हते. आमची उपमा घाईने केलेली होती.

दोघे भाऊ गप्प बसले होते. गेल्या वीस तासांत प्रथमच त्यांच्यात शांतता झाली. थोरल्याच्या कॉन्फरन्सचे अठरा सभासद कसे झाले, हे त्यास अर्थातच ठाऊक होते. त्या अठरांपैकी चार या मोडक्या घरातूनच आले होते. ठाऊक असणे आणि तळणीच्या वासात समोरासमोर ऐकणे यांत अंतर असते. धाकटा हळूच म्हणाला, "आम्हीही बिग ट्वेल्व्ह असेच सोडून आलो." बाई हसल्या आणि त्यांनी त्याच्या हातावर एक नेवरी ठेवली.

बाराला सामना सुरू झाला. मध्यंतरापर्यंत टेक्सस २४-३ असे पुढे गेले होते. शेवट ३१-१२ असा झाला. २०२० नंतर मिशिगन आपल्या मैदानावर हरले नव्हते. पडद्यावर नारिंगी रंगाचे लोक नाचू लागले, आणि धाकट्याच्या तोंडून 'एस-ई-सी' हा घोष निम्मा बाहेर पडला. निम्माच, कारण तेवढ्यात त्याची नजर दाराकडे गेली. उरलेला घोष त्याने 'टेक्सस' म्हणून पुरा केला. एरवी शब्दाशब्दाचा हिशोब ठेवणाऱ्या आमच्या बहिणीने विचारले, "कोण जिंकले रे?" थोरला म्हणाला, "धाकटा." तिला तेवढ्याने पुरे झाले.

सायंकाळी उत्तरपूजा झाली. मागच्या अंगणात मोठे घंगाळ पाण्याने भरून ठेवले होते. मूर्ती शाडूची, वजनाने बेताची. एकट्या थोरल्याला झेपली असती. तरी दोघांनी दोन बाजूंनी पाट धरला. पाण्यात उतरविताना थोरल्याची बाही भिजली आणि धाकट्याने ती वर सारून दिली, एवढेच. रविवारी पहाटेच्या विमानाने तो परतला.

आमचा मुक्काम आणखी दोन आठवडे होता. पुढच्या शनिवारी, १४ सप्टेंबरला, सिएटलमध्ये वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचा सामना होता. हे दोघे १९०० सालापासून एकमेकांशी खेळत आले आहेत. घर मोडल्यावरचा हा त्यांचा पहिला सामना. एकीकडे आदल्या हंगामाचा राष्ट्रीय उपविजेता आणि बिग टेनचा नवा सभासद, दुसरीकडे मागे टाकलेले पुलमन. थोरल्याने तो सामना अथपासून इतिपर्यंत पाहिला. शेवटच्या मिनिटांत वॉशिंग्टन गोलरेषेपाशी येऊन ठेपले, तेथे पुलमनच्या पोरांनी त्यांना अडविले, आणि २४-१९ असा सामना जिंकला.

रात्री दाराची घंटा वाजली. बाई हयग्रीवाचे पातेले घेऊन आल्या होत्या. चण्याची डाळ आणि गूळ बहुधा सामना चालू असतानाच शिजत ठेवला असावा, कारण पातेले अजून ऊन होते. डोळे लाल, आवाज बसलेला. भाचेसुनेने वाट्या भरल्या आणि नवऱ्याकडे पाहून मुद्दाम विचारले, "वॉशिंग्टन म्हणजे आता तुमचेच ना? मग तुम्हांला गोड कसे चालेल?"

"आमचे कसले?" भाचा म्हणाला. "येऊन दीड महिना झाला. अजून नीट ओळखसुद्धा नाही." आणि त्याने वाटी पुढे केली.